अब्बांच्या फायली आणि घरातला लॅपटॉप

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची मोफत सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. जुलै २०१५ मध्ये आलेली ही सिस्टिम आपल्याकडे घराघरांत, दुकानांत, मदरशांच्या कचेऱ्यांत आणि मशिदीच्या ट्रस्टच्या हिशेबाच्या टेबलावर दहा वर्षे चालली. त्या तारखेनंतर संगणक बंद पडत नाही, तो चालतच राहतो. फक्त त्यात नव्याने सापडणाऱ्या त्रुटी कोणी बुजवत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात आणि जीएसटीचे विवरण भरले जाते, त्या यंत्रावर असा धोका महिन्यागणिक वाढत जातो. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव सोय ठेवली आहे. त्यामुळे सवड मिळते, पण निर्णय घ्यावाच लागतो.

आमच्या घरात एकच लॅपटॉप आणि त्याचे धनी तीन. दिवसा त्यावर आमच्या सुट्या भागांच्या दुकानाचा टॅलीमधला हिशेब. संध्याकाळी थोरल्या मुलीचा अभ्यास, ती बी. कॉम. करते आणि सोबत एमएस-सीआयटीची तयारीही. फजरच्या नमाजानंतर मात्र तो अब्बांचा. अब्बा उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी उर्दूत खुत्बे आणि भाषणे लिहिली, मराठीत सीरतवरचे लेख लिहिले. एक लेख शाहू महाराजांवर आहे. महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, मुस्लिम बोर्डिंग सुरू केले, कुराणाचा मराठी अनुवाद व्हावा म्हणून पैसे दिले, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते, अशी अब्बांची तक्रार असते. अशा सत्तरएक फायली त्या लॅपटॉपमध्ये होत्या.

विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. आमचे यंत्र २०१६ चे, सहाव्या पिढीचे. म्हणजे सरळ मार्गाने त्यावर अकरा येणार नव्हते. मग राजारामपुरीतल्या दोन-तीन दुकानांत चौकशी केली आणि घरी येऊन वहीत पर्याय मांडले.

पहिला पर्याय नवा लॅपटॉप. किंमत शेहेचाळीस हजार, एवढे रोख जवळ नव्हते. विक्रेता म्हणाला, हप्त्याने घ्या, व्याज शून्य आहे. या शून्याकडे आपल्या घरांनी जरा थांबून पाहावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याजाची रक्कम बहुधा प्रक्रिया-शुल्काच्या नावाने किंवा रोखीची सवलत न देता वसूल होते. आम्ही विचारले, रोखीने घेतला तर काय भाव? तो दोन हजारांनी कमी निघाला. वर प्रक्रिया-शुल्क वेगळे. रिबा टाळायचा असेल तर हप्त्याच्या कागदावरचे सगळे आकडे बेरीज करून पाहावे लागतात, वरच्या जाहिरातीवर भागत नाही.

दुसरा पर्याय एका दुरुस्तीवाल्याने सुचवला. "भाभी, पाचशे रुपयांत अकरा टाकून देतो, ऑफिससकट." यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर अकरा बसवता येते, पण त्यावर पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या कारणासाठी बदल करायचा, तेच कारण त्यामुळे लटकत राहते. दुसरी गोष्ट परवान्याशिवायच्या ऑफिसची. ती चोरीची प्रत होय. "सगळेच वापरतात" हे उत्तर आपल्याला पुरेसे नाही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला की लेखनाचे, शोधाचे आणि व्यापारी नावाचे हक्क शरीयतच्या दृष्टीने मालकाचे आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. दुकानातल्या गल्ल्यातले पाचशे रुपये कोणी उचलले तर आपण त्याला जे म्हणू, तेच येथेही म्हणावे लागते. शिवाय अशा प्रतींमधून व्हायरस घुसण्याची भीती असते ती वेगळीच.

तिसरा पर्याय लिनक्स. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. आज त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत. घरगुती वापराला उबुंटू आणि लिनक्स मिंट सोप्या पडतात. त्या फुकट मिळतात आणि वाटायलाही परवानगी असते. केरळच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे मुले अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकतात, तेव्हा ते फक्त इंजिनिअरांचे काम आहे असे मानण्याचे कारण नाही. मिंटची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट घेत राहणार आहे आणि चार जीबी मेमरीवरही चालते. कागदावर हाच पर्याय उत्तम दिसत होता.

पण कागदावर यंत्राचा हिशेब होता, माणसांचा नव्हता. मग आम्ही वहीचे दुसरे पान उघडले आणि घरातल्या प्रत्येकाचे काम त्यावर लिहिले.

दुकानाचा हिशेब टॅलीत, आणि टॅली विंडोजसाठीच बनलेली. लिनक्सवर ती थेट चालत नाही. जीएसटीचे विवरण ब्राउझरमधून भरता येते आणि एकट्या मालकाच्या धंद्यात मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने सहीचे काम भागते, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. मुलीच्या एमएस-सीआयटीत वर्ड आणि एक्सेल शिकवतात. लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये तेच काम होते, पण बटणांच्या जागा वेगळ्या. परीक्षेच्या तोंडावर हात गोंधळला तर नुकसान तिचे.

सगळ्यांत मोठा प्रश्न अब्बांच्या फायलींचा. त्यांचे उर्दू लेखन इनपेजमध्ये. इनपेजने १९९४ पासून नस्तालीक लिपी संगणकावर आणली आणि उर्दू छपाईची मोठी सोय केली; पण तेही विंडोजवरचे सॉफ्टवेअर, आणि त्याची जुनी फाईल दुसरीकडे उघडत नाही. मराठी लेख जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. असा फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाईल उघडली की "सीरत"च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण त्या फॉन्टने इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. युनिकोडमध्ये तसे होत नाही. तिथे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, म्हणून युनिकोडमधले मराठी मोबाइलवर, विंडोजवर, लिनक्सवर सारखेच वाचता येते.

अब्बांना हे सगळे समजावले. त्यांची दृष्टी आता मंदावली आहे, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. ते शांतपणे म्हणाले, "मशीन खुशाल बदला. पण माझा एक हर्फसुद्धा बदलता कामा नये. त्यात अल्लाहचे कलाम आहे."

त्यांच्या बोलण्यातला अर्थ काम सुरू केल्यावर नीट उमगला. जुन्या फायली युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तक सॉफ्टवेअरे मिळतात, पण ती शंभर टक्के अचूक नसतात. मराठीत रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सुटी पडते. उर्दूत हमजा हरवतो. लेखात हे चालवून घेता येईल, नंतर दुरुस्त करता येईल. पण कुराणाच्या आयतीत एक जेर-जबर इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो. म्हणून आम्ही नियम केला: आयती परिवर्तकातून घ्यायच्याच नाहीत. तन्जील नावाचा प्रकल्प २००७ पासून कुराणाचा पडताळलेला युनिकोड मजकूर उपलब्ध करून देतो. प्रत्येक आयत तिथून घेतली, जागेवर ठेवली आणि मुसहफ समोर धरून मुलीने मोठ्याने वाचली. अब्बा डोळे मिटून ऐकत. त्यांना पाठ असलेल्या आयतींत ऐकूनच चूक पकडता येते.

त्याआधी आणखी एक गोष्ट केली. जुने विंडोज आणि इनपेज चालू असतानाच सगळ्या सत्तर फायलींच्या पीडीएफ काढल्या. पीडीएफमध्ये अक्षर जसे दिसते तसेच गोठून राहते. त्यात सहज दुरुस्ती होत नाही, पण मूळ काय होते याचा पुरावा राहतो. परिवर्तनात काही बिघडले तर पडताळायला हीच पीडीएफ कामाला येते. हे काम सिस्टिम बदलण्याच्या आधीच व्हावे लागते. नंतर ते साधायला पुन्हा जुनी सिस्टिम आणि जुने सॉफ्टवेअर शोधत फिरावे लागते.

हे काम रोज फजरनंतर तासभर, असे सात आठवडे चालले. या सात आठवड्यांत मुलीने आपल्या दादाजींचे सगळे लेखन प्रथमच वाचले. शाहू महाराजांचा लेख तिने कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मागून घेतला.

अखेर निर्णय असा झाला. दुकानासाठी आठव्या पिढीचा एक वापरलेला लॅपटॉप, विंडोज ११ च्या खऱ्या परवान्यासह, एकोणीस हजार रुपये रोख देऊन घेतला. टॅलीचा आमचा परवाना जुन्या यंत्रावरून सोडवून नव्यावर चालू करता आला. मुलगी परीक्षा होईपर्यंत सुटीच्या दिवशी त्याच यंत्रावर एक्सेलचा सराव करते. घरच्या जुन्या लॅपटॉपला मेमरी आणि एसएसडी बसवायला चौतीसशे रुपये लागले आणि त्यावर लिनक्स मिंट घातले. दोन्ही मिळून खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी झाला, हप्ता नाही, आणि चालते यंत्र भंगारात गेले नाही. इस्राफ म्हणजे उधळपट्टी आपल्या दीनला नापसंत आहे. ती केवळ लग्नातल्या जेवणावळींपुरती समजायचे कारण नाही.

यात काही गमावलेही, तेही सांगायला हवे. आमचा प्रिंटर लिनक्सवर छापतो, पण त्याचा स्कॅनर चालत नाही; कागद मोबाइलने टिपावे लागतात. बॅटरी पूर्वीपेक्षा थोडी लवकर उतरते. काही अडले तर आमच्या गल्लीत लिनक्स जाणणारा कोणी नाही, मुलगीच शोधून काढते. अब्बांना नवा कीबोर्ड जुळवून घ्यायला त्रास झाला. उर्दूचा ध्वनीनुसार चालणारा कीबोर्ड लिनक्समध्ये आहे, पण काही अक्षरांच्या जागा इनपेजहून निराळ्या आहेत. त्यांच्यासाठी आम्ही त्या अक्षरांचा तक्ता मोठ्या टाइपात छापून पडद्याशेजारी चिकटवला.

ज्यांच्या घरी हाच विचार चालू असेल त्यांनी यंत्राची किंमत विचारण्याआधी घरातल्या फायली मोजाव्यात. कोणती फाईल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये अडकली आहे, ती दुसरीकडे उघडते का, हे पाहावे. लिनक्स पाहायचे असेल तर ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, त्यासाठी हार्ड डिस्कवरचे काही पुसावे लागत नाही. त्या वेळी वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे चार प्रकार तपासावेत. ज्याचे पोट एखाद्या विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्याने ते काम हलवू नये. आणि सगळ्या कागदांच्या दोन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या शहरात किती दुकानांच्या वह्या आणि संगणक पाण्याखाली गेले, ते आपण पाहिले आहे. आमची एक प्रत कागलला आपांच्या कपाटात आहे.

कुराणातली सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, कर्जाच्या व्यवहाराची नोंद करून ठेवण्याविषयी आहे. ती आपण व्यापारासाठी नेहमी सांगतो. नोंद ठेवायची ती पुढे वाचता यावी म्हणून. दुकानाची खतावणी असो की वडिलांचा खुत्बा, जे लिहिले ते दहा वर्षांनी, दुसऱ्याच्या यंत्रावर, आपल्यानंतरही उघडले पाहिजे. यंत्र कोणते घ्यायचे हे त्यावरून ठरवणे सोपे जाते.

अब्बांनी गेल्या आठवड्यात एकाहत्तरावा लेख सुरू केला. हा पहिल्याच ओळीपासून युनिकोडमध्ये आहे.