संगणक निकामी नव्हता

पुसदच्या आमच्या विहारातील अभ्यासिकेत मुलांना लिनक्स शिकायचे होते. मूळ विंडोजला धक्का नको, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स घेतले. म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक. त्यात २००७ साली आलेली सी-डॅकची मोफत 'बॉस' प्रणाली बसवायची. पण ६४ बिटचा पर्यायच दिसेना. "निकामी आहे, नवा घ्या," एक दुकानदार म्हणाला. मजुरांच्या वर्गणीत नवा कुठून येणार?

कालामसुत्तात तथागत सांगतात, कोणी सांगितले म्हणून मानू नका. मुलींनी स्वतः तपासले. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होते. चालू करताच पर्याय दिसला. पुढे प्रणाली बसली, तरी इन्स्टॉलरच पुन्हा सुरू होई. आयएसओ फाईल काढताच तेही थांबले. खर्च शून्य.

बंधुभगिनींनो, अज्ञानाची किंमत गरीबच मोजतो. लेकरांना यंत्र तपासायलाही शिकवू या. जयभीम!