भिंत ओलांडणारे शरीर

‘बाँल्यू’ या फ्रेंच शब्दासाठी मराठीत ‘उपनगर’ हा शब्द योजला, तर आपल्या वाचकासमोर पार्ले-मुलुंडची मध्यमवर्गीय वस्ती उभी राहते. मूळ शब्दातील पहिल्या पदाचा अर्थ सरंजामी हुकमत असा, तर दुसऱ्याचा कोस. नगराभोवतीचा कोसभर मुलूख नगराच्या सत्तेखाली आहे, पण नगरात नाही. पिएर मोरेल यांच्या ‘बाँल्यू १३’ (२००४) या मारधाडपटाकडे मी वळलो तो या शब्दाच्या वाटेने.

ल्यूक बेसाँ आणि बिबी नासेरी यांनी लिहिलेल्या या कथेत २०१० साली पॅरिसजवळच्या एका वस्तीभोवती शासनाने भिंत बांधली आहे. वस्तीतला लेइतो (दाविद बेल) पाठलाग चुकवताना दारावरच्या अरुंद झरोक्यातून आरपार झेपावतो. वर्गात या झेपेला टाळ्या पडतात. मनातून मीही त्यांत असतो. पण ही मुक्त वाटणारी चपळाई आली कोठून? बेल यांना तिचे बाळकडू मिळाले ते वडिलांकडून. ते फ्रेंच इंडोचायनात जन्मले, तिथल्या फ्रेंच लष्करी शाळेत वाढले आणि पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेले. ‘पार्कूर’ हे नावही सैनिकांच्या अडथळा-सरावावरून आलेले. साम्राज्याने घडवलेली शिस्तच इथे साम्राज्योत्तर भिंत ओलांडते. ओलांडतो मात्र एकटा; वस्ती आतच राहते.

प्रतिनिधित्वाचा हिशेब याहून अवघड आहे. वस्तीचा नायक गोरा, तर खलनायकाचे नाव ताहा. ही भूमिका अल्जीरियन वंशाच्या नासेरी यांनी स्वतःच केली आहे, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. नायकाची बहीण लोला हिला तर चित्रपट आधी गळपट्ट्याने, मग बाँबला साखळीने बांधून ठेवतो.

तरीही एक जागा मला खरोखर राजकीय वाटते. बाँब निकामी करण्यासाठी पोलीस अधिकारी दामियाँला दिलेला संकेतांक प्रत्यक्षात स्फोट घडवणारा आहे. वस्ती नष्ट करायची ती शासनाच्या सर्वांत प्रामाणिक सेवकाच्या हातून, कायद्यावरील त्याच्या निष्ठेचाच वापर करून! २००५ च्या ऑक्टोबरात क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांच्या धास्तीने विद्युत उपकेंद्रात शिरलेली दोन मुले दगावली, दंगली उसळल्या आणि शासनाने आणीबाणी पुकारली ती अल्जीरियन युद्धकाळातील १९५५ च्या कायद्यान्वये. त्यावरून अनेकांनी चित्रपटाला भविष्यवेत्ता ठरवले. मला ते पटत नाही. वसाहतीचा कायदा नगराच्या वेशीवर आधीपासूनच उभा होता.

शेवटी मंत्र्याची कबुली दूरचित्रवाणीवरून प्रसारित होते आणि भिंत पाडण्याचे आश्वासन मिळते. म्हणजे निवाडा पुन्हा शासनाच्याच हाती. २००९ च्या ‘बाँल्यू १३ : अल्टिमेटम’मध्ये भिंत तशीच उभी आहे; अखेरीस रहिवाशांना हलवून, टोळीप्रमुखांच्या संमतीने, इमारतीच सुरुंगाने पाडल्या जातात. २००३ च्या फ्रेंच नागरी नूतनीकरण कायद्याने पाडकामाचा असाच मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. त्या रहिवाशांची नवी घरे कोठे बांधली गेली, ते पडद्यावर कधीच दिसत नाही.