उभी तासं, आडवी तासं

अकोल्याला कृषी अभियांत्रिकीला गेलो तेव्हा गावी, कौंडण्यपुरात, लोक विचारत, "म्हंजे धरन बांधशीन काय?" विद्यापीठ १९६९ चं, अभियांत्रिकीचं महाविद्यालय त्यानंतरच्या वर्षीचं, सगळंच नवं. माती आणि पाणी हा इंजिनिअरचा विषय असतो, हे घरी पटवता पटवता पदवी हाती आली.

तेव्हा उतार मोजायचा म्हणजे डम्पी लेव्हल खांद्यावर, स्टाफ धरणारा गडी चिखलात आणि रात्री कंदिलाशी समपातळी रेषा काढणं. पावसाळ्यात खरी परीक्षा. प्रयोगाच्या वाफ्याखालच्या टाकीतलं गढूळ पाणी ढवळायचं, बाटलीत भरायचं, भट्टीत १०५ अंशांवर सुकवायचं आणि उरलेली माती तोलायची. पाऊस बहुधा रात्रीच यायचा. मातीची धूप काढायचं विशमायर-स्मिथ यांचं समीकरण अमेरिकेतल्या शेतांवर बेतलेलं; आमच्या काळ्या मातीचा आकडा त्यात आयता कुठून मिळणार? ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस भेगांत जिरवते, मग फुगून भेगा मिटल्या की पाणी आत घेईनाशी होते. म्हणून आमचा मुक्काम शेतात.

आज विद्यार्थी उपग्रहाच्या आकड्यांवरून अख्ख्या पाणलोटाचा उतार एका दुपारीत काढतो. यात हळहळण्यासारखं काही नाही. माथ्यापासून नाल्यापर्यंतचं पाणी एका नजरेत दिसणं ही चैन आम्हाला कधी मिळाली नाही. पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचंच पाणी खारं, तिथे शेततळ्याची जागा नेमकी निघाली तर तेवढं गोडं पाणी हाती येतं. पण उपग्रहाच्या ३० मीटरच्या चौकोनात वीतभर उंचीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, दिसत नाही. आणि आमच्याकडे पाणी कुठे वळायचं ते बरेचदा धुराच ठरवतो! काही नवे प्रबंध वाचताना जाणवतं, लिहिणाऱ्याने त्या शिवारातला एकही पाऊस अंगावर घेतलेला नाही.

वर्धा नदीकडे उतरणारी आमच्या गावची शेतं बघा. वाटणीत प्रत्येक भावाला वरचं बरड आणि खालचं भारी रान सारखं मिळावं, म्हणून पट्टे उभे पडले. न्याय चोख झाला. पण लांब, अरुंद पट्ट्यात तिफण उताराच्याच दिशेने चालते आणि पेरणीचं प्रत्येक तास पाण्याला वाट करून देतं. आडवी पेरणी सांगायला गेलो तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, "सायेब, दुर्बीन तुमची, पन फेरे माह्या बैलायले." आमच्या पुस्तकात बैलाच्या फेऱ्यांना रकाना नव्हता. आता बैल गेले, ट्रॅक्टर आला. त्याला तर वळण आणखीच नको. रुंद वरंबा-सरीचं यंत्रही उभ्याच पट्ट्यात फिरतं, मग मधल्या सरीतून माती खाली पळते.

भावाभावांनी वाटण्या मोडाव्यात असं मी म्हणत नाही. मालकी ज्याची त्याची राहू द्या. पण कार्तिकीच्या यात्रेला पुण्या-नागपूरहून सगळे घरी जमता, तेव्हा एवढं ठरवा: येत्या मृगात लागून असलेले दोन-तीन पट्टे एकत्र धरून पेरणी आडवी करायची आणि ट्रॅक्टरचं भाडं वाटून घ्यायचं. मोठ्या पावसात वाहून गेलेली माती पुन्हा वर चढवण्याची विद्या अजून कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत.