चाकाच्या पोटात

16 एप्रिल 2025 ला मुंबईहून आलेलं पहिलं प्रवासी विमान अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरलं, तेव्हा लोक विमानाच्या नाकाकडे, पंखांकडे, खिडक्यांकडे बघत होते. माझी नजर चाकांवर होती. टायर टेकले त्या क्षणी खालून निळसर धुराचा एक झोत उठला आणि लगेच विरला. अमरावतीत विमान आल्याचा आनंद मलाही झाला, पण घरी परतलो तरी तो धूर काही डोळ्यांसमोरून हटेना.

हवेत असताना विमानाच्या चाकाला काहीच काम नसतं. जमीन लागताच मात्र त्याला क्षणात विमानाचा वेग गाठायचा असतो आणि तो गाठेपर्यंत रबर घासलं जातं, त्याचा तो धूर. मोठ्या विमानाचं सोडा. कुणी हौशी माणसानं घरच्या गॅरेजात जोडलेलं दोन आसनांचं विमान घ्या. त्याचं चाक जेमतेम चौदा इंच व्यासाचं. ताशी 100 किलोमीटर वेगानं ते जमिनीला टेकलं, की शून्यावरून एकदम मिनिटाला सुमारे दीड हजार फेरे. हा सगळा हिसका चाकाच्या पोटातली दोन बेअरिंगं सोसतात. प्रत्येक मुठीत मावेल एवढं.

आपल्याकडे घरी विमान बांधलं ते कॅप्टन अमोल यादव यांनी. कांदिवलीत, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचं. 2016 च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं होतं, 2017 च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. त्या विमानावरचं जे हाती लागलं ते मी अधाशासारखं वाचलं. इंजिन, परवानग्या, पैसा, जिद्द, सगळं होतं. मला हवी होती चाकांची हकिगत, ती काही मिळाली नाही. चाकांकडे बघायची आपल्याला सवयच नाही. विमान म्हणजे आकाश, असं आपण धरून चालतो. पण छोट्या विमानाचं आयुष्य बरंचसं उभं राहण्यातच जातं.

हे उभं राहणंच बेअरिंगला भोवतं. धावून झिजतात त्याहून जास्त बेअरिंगं उभ्या-उभ्या गंजून मरतात. विमान महिनोन्महिने एका जागी राहिलं, की रोलर जिथे टेकलेले असतात तिथलं ग्रीस हळूहळू बाजूला सरतं आणि त्या फटीत ओल धरते. पुढे कधीतरी चाक उतरवून बेअरिंग रॉकेलनं धुतलं, कापडानं टिपलं आणि बाहेरचा कप, म्हणजे चाकात बसवलेलं, ज्यावर रोलर फिरतात ते कडं, उजेडाकडे धरून पाहिला, की आरशासारख्या पोलादावर काळसर आडव्या रेघा दिसतात. सारख्या अंतरावर, जेवढं अंतर दोन रोलरांत, तेवढंच त्या रेघांत. विमान कसं उभं होतं ते तिथे उमटलेलं असतं. त्या रेघेवरून नख फिरवायचं. नख अडलं, की विषय संपला. तो कप काढायचा, आणि त्याच्या जोडीचं आतलं बेअरिंग कितीही चांगलं दिसलं तरी तेही बदलायचं. जुन्या-नव्याचा संसार इथे टिकत नाही.

कप काढणं हे खरं काम. तो पोलादाचा, चाकाचं घर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, आणि कप त्यात घट्ट रुतलेला. हातोडा घेऊन ठोकत बसलं तर घर फाटतं. म्हणून दोन अर्ध्यांत उघडणाऱ्या चाकाचा तो अर्धा भाग अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचा. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते, आणि लाकडावर आपटताच कप पुष्कळदा आपोआप गळून पडतो. नवा कप आधीच फ्रीजरमध्ये आकसायला ठेवलेला असतो. तो गरम घरात सरळ सोडला, की अलगद तळाला जाऊन बसतो. थोड्या वेळानं दोघंही आपापल्या मूळ मापावर येतात आणि एकमेकांना सोडत नाहीत.

हे मी पहिल्यांदा वाचलं आणि मला बाभळीचं लाकूड जळाल्याचा वास आला.

माझं आजोळ दर्यापूर तालुक्यातलं. उन्हाळ्यात, पेरणीची लगबग सुरू व्हायच्या आधी, बैलबंड्यांची चाकं दुरुस्तीला निघायची. सुतार बाभळीचे आरे आणि पुठ्ठे जोडून चाक उभं करी. ते दिसायला पुरं असे, पण हातानं हलवलं तर सगळे सांधे खुळखुळत. त्याला आवळायचं काम लोखंडी धावेचं, आणि ती चढवायचं काम लोहाराचं. चाकाचा घेर दोरीनं मोजून तो धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करी. एवढी लहान की थंडपणी ती चढणं शक्यच नाही. मग गावाबाहेर, निंबाच्या सावलीपासून दूर, गोवऱ्या गोल रचून त्यांत धाव पुरली जायची. वर आणखी गोवऱ्या. आर फुलला की राखेखालून लालभडक कडं दिसू लागे. चाक शेजारीच जमिनीवर आडवं, मधल्या तुंब्यासाठी खड्डा केलेला. आणि भोवती घागरी भरून उभ्या असलेल्या बाया, त्यांत माझी मामीही.

आम्हां पोरांना त्या जागेपासून हाकलून देणं हा लोहाराचा पहिला मंत्र होता. "पोट्टेहो, मांगं सरा!" आम्ही चार पावलं मागे आणि सहा पावलं पुढे. मग तीन-चार माणसं सांडश्यांनी धाव उचलत, पळतच आणत आणि चाकावर टाकत. त्या क्षणी कुणी बोलत नसे. लाकडाला लोखंड लागताच भडका उठे, धूर डोळ्यांत जाई, घण चहूबाजूंनी पडू लागत, आणि धाव पुरती बसली रे बसली, की लोहार ओरडे, "पानी!" घागरी एकामागून एक रित्या होत. वाफेचा असा लोळ उठे की मामी दिसेनाशी होई. आणि त्या वाफेतून आवाज यायचे. कट, कट, कट. लोखंड आकसत चाललं होतं, प्रत्येक आरा तुंब्यात शिरत होता, प्रत्येक पुठ्ठा शेजारच्याला भिडत होता. वाफ ओसरली, की मघाचं खुळखुळं चाक दगडासारखं घट्ट होऊन पडलेलं असे.

"लय तपली त लाकूड जयते, कमी तपली त बसत नाई," असं तो लोहार मामाला सांगायचा. त्याच्याजवळ तापमापक नव्हता. लोखंडाचा रंग पाहून तो ठरवी. पुढे विमानाच्या चाकाबद्दलही तीच सक्त ताकीद वाचली: जास्त तापवू नका, धातूची ताकद जाते. म्हणून तर उकळतं पाणी. पाणी उकळत असेपर्यंत 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, चूक करायला जागाच ठेवत नाही.

शाळेत उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात हे शिकवताना गुरुजींनी आम्हांला एकदा तरी त्या निंबापाशी न्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

विमानाच्या चाकात जे शंकूच्या आकाराचे रोलर असतात, त्यांचं मूळही बग्गीत आहे. हेन्री टिमकेन हा अमेरिकेत सेंट लुईसचा बग्ग्या बनवणारा. गाडी वळली की चाकावर आडवा जोर येतो, आणि साधं बेअरिंग उभा भार पेलतं पण आडव्यापुढे टिकत नाही. त्यानं रोलर तिरपे बसवले, उभा आणि आडवा दोन्ही भार एकाच बेअरिंगवर घेतला, आणि 1898 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. बाजूनं वारा असताना उतरणाऱ्या विमानाला हेच लागतं. राइट बंधूंचं विमान उडायला तेव्हा पाच वर्षं होती.

स्वेन विंगक्विस्टची गोष्ट तर वऱ्हाडी माणसाला आपलीच वाटेल. तो स्वीडनमध्ये, गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत यंत्रांची देखभाल करी. गिरणीखालची माती चिकणमाती. ती दबे, इमारत हले, लांबलचक दांडे वाकडे होत आणि बेअरिंगं जात. त्यावर त्यानं दांडा थोडा कलला तरी स्वतः जुळवून घेणारं बेअरिंग शोधलं, आणि 1907 मध्ये एसकेएफ उभी राहिली. कापूस, गिरणी आणि पायाखाली सरकणारी माती! आपल्या काळ्या मातीत घरांच्या भिंती दर उन्हाळ्यात तडकतात. अकोल्याच्या जिनिंगमध्ये मी म्हाताऱ्या फिटरला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानावर टेकवून डोळे मिटून उभं असलेलं पाहिलं आहे. सरकी काढण्याच्या त्या गदारोळात तो एकाच बेअरिंगचं ऐकत असे आणि "हे आठवडाभर चालंन" असं सांगून पुढच्याकडे जाई. ज्यांनी आकाशाकडे बघितलं त्यांची चरित्रं पुष्कळ आहेत. मला या ऐकणाऱ्यांची हवी आहेत.

बेअरिंगला ओल भोवते, आणि माझ्या आजोळचं पाणी तर खारं. पूर्णेच्या दोन्ही काठांचा तो खारपाणपट्टा, अकोल्यापासून दर्यापूरपर्यंत. त्या पाण्यानं साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कड्या वर्षभरात खाल्ल्या जातात. तिथल्या बोअरच्या पाण्यानं विमानाचं चाक कुणी धुवायला काढलं, तर मी आडवा पडेन. अकोल्याची शिवणीची धावपट्टी 1943 पासून आहे, ती वाढायची वाट बघत. कधी तिथे रोज विमानं येऊ लागली तर देखभालीचं पाणी कुठून येणार हा प्रश्न मी पहिला विचारीन.

बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. वर्षाला 180 वैमानिक घडवायचे, असं जाहीर झालं आहे. शिकाऊ माणूस दिवसभर उठतो आणि टेकतो, बहुतेक वेळा जोरात टेकतो, त्यामुळे शिकवणीच्या विमानांच्या चाकांसारखे हाल कुणाचे नाहीत. तिथे चाकाच्या पोटात हात घालणारी माणसं लागतील, आणि ती अमरावती-अकोल्याच्या आयटीआयमधून जावीत अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत जायचं, दुसऱ्या बाजूनं प्रत्येक रोलरच्या मधून ते वर येईपर्यंत. दोन जातींची ग्रीसं मिसळायची नाहीत, एकमेकांना पातळ करतात. नट आवळताना चाक फिरवत राहायचं, थोडं जड झालं की सैल करायचं, मग कॉटर पिन. आणि धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेवर गरगर फिरवायचं नाही. आवाज फार छान येतो, पोरांना मोह होतो, पण वंगणाशिवाय रोलर आणि कप एकमेकांना ओरबाडतात, आणि रोलर धरून ठेवणारा पिंजरा सुटला तर रोलर डोळ्यात जातो.