डाव्या आसनावरचा श्रोता

आपल्या समाजात मोटारगाडी बहुधा व्यापाराच्या निमित्ताने घरात येते आणि पुढे हळूहळू तीर्थयात्रेची होऊन जाते. आठवडाभर तिच्यातून कापडाचे नमुने, बिलांच्या वह्या आणि वसुलीला निघालेला माणूस हिंडत असतो. रविवारी तीच गाडी बाहुबलीच्या वाटेला लागते. अशा गाडीत खास ध्वनियंत्रणा बसवून घेणे म्हणजे तरुणांचा खर्चिक शौक, असा सर्वसाधारण समज आहे. चौकात थांबलेल्या काही गाड्यांच्या काचा ज्या रीतीने थरथरत असतात, ती पाहता या समजाला आधार नाही असे म्हणवत नाही. तरीही गेल्या वर्षी आमच्या घरात हा विषय चार महिने चालला, आणि तो काढला तो वयाची ऐंशी गाठलेल्या अण्णांनी.

अण्णांचे अवघे आयुष्य इचलकरंजीत मागांच्या सोबतीने गेले. या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. अण्णांच्या तरुणपणी गल्लोगल्ली धोट्यांचा खडखडाट होता. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आपल्याकडची कायद्याची मर्यादा. जुन्या साध्या मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाई, आणि कानात कापसाचा बोळा घालणाऱ्याची थट्टा होई. त्याचा परिणाम पन्नाशीनंतर दिसू लागला. कानाच्या तपासणीचा आलेख डॉक्टरांनी समोर ठेवला तेव्हा त्यातली रेषा ४००० हर्ट्झपाशी विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. गोंगाटाने गेलेल्या कानाची हीच खूण असते.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की कोणी बोलत आहे हे अण्णांना कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. स्वरांची शक्ती खालच्या कंपनांत असते. स, श, त, क यांसारखी व्यंजने वरच्या कंपनांत आणि मुळातच क्षीण असतात. शब्दाला अर्थ देणारी तीच, आणि आधी हरवणारीही तीच. श्रवणयंत्र आहे, घरात ते वापरतातही. गाडीत मात्र टायरांची घरघर त्यातून इतकी मोठी होऊन येते, की ते काढून डबीत ठेवतात.

आता त्यांना काय ऐकायचे होते ते सांगायला हवे. १९५५ साली कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी सल्लेखना धारण केली. त्या काळात त्यांनी मराठीत केलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला, आणि तो आज अनेकांच्या घरी आहे. दहा वर्षांचे अण्णा त्या वेळी आपल्या आजोबांचे बोट धरून कुंथलगिरीला गेले होते. गर्दी आठवते, धूळ आठवते, शब्द एकही आठवत नाही, असे ते म्हणतात. भोजचे महाराज, म्हणजे आमच्याच मुलखाचे, आमच्याच बोलीचे. दरवर्षी कुंथलगिरीला जाताना तो उपदेश वाटेत लावावा, असा अण्णांचा नेम. दीर्घ उपवासातील वृद्ध तपस्व्याचा थकलेला कंठ, सत्तर वर्षांपूर्वीचे मुद्रण, त्यावरची सळसळ, आणि ऐकणारा कान असा. कंपनीने दिलेल्या स्पीकरांचा आवाज २६ च्या आकड्यापर्यंत वाढवला तरी आईला डोके दुखे आणि अण्णांना शब्द लागत नसे. "अरे, महाराज बोलताहेत एवढंच कळतं मला," असे ते एकदा म्हणाले आणि मग खिडकीबाहेर बघत बसले.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते एका मोठ्या दुकानात. तिथल्या विक्रेत्याने मागचा दरवाजा उघडला आणि डिकी भरून टाकणारी पेटी, तिच्याभोवती निळे दिवे, वर पारदर्शक झाकण, असा बेत सांगितला. कंपनीची वायरिंग कापावी लागेल, हेही त्याने सहज सांगितले. माझ्या चिरंजीवांचे डोळे चमकले हे खरे. आई मात्र एवढेच म्हणाली, "मग चौक्याची भांडी कुठं ठेवायची?" महाराजांच्या आहारासाठी चौका लावायला जाणाऱ्या घरात डिकीचे मोजमाप लिटरांत होत नाही, पितळी पातेली, पाण्याची कळशी, गाळणे, शिधा आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचा डबा यांत होते. या एका वाक्याने आमच्या रचनेचा पहिला नियम ठरला : गाडीतील कोणाचीही जागा जाता कामा नये. दुसरा नियम त्यातून आपोआप निघाला, की काही दिसताही कामा नये. तिसरा मी व्यापारी म्हणून घातला : उद्या गाडी विकायची झाली, तर सर्व सामान काढून ती मूळ रूपात देता आली पाहिजे.

मग कोल्हापुरात एक शांत स्वभावाचा कारागीर भेटला. त्याने पहिल्या दिवशी एकही स्पीकर दाखवला नाही. गाडी महामार्गावर ८० च्या वेगाने चालवायला सांगून तो मागे बसून राहिला, आणि परत आल्यावर म्हणाला, "आधी दारं गप्प करू या." गाडीचे दार म्हणजे पातळ पत्र्याचा पोकळ डबा. रस्त्याची घरघर त्यातून आत येते, आणि खालच्या कंपनांचा गोंगाट वरच्या क्षीण व्यंजनांना झाकून टाकतो. स्पीकरही त्याच डब्यात बसवलेला. त्याच्या पाठीमागून निघणारी लहर दाराच्या भोकांतून पुढे आली की पुढच्या लहरीशी भिडून तिला खाऊन टाकते. म्हणून पत्र्याच्या मोकळ्या भागांवर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले ब्युटाइल रबर चिकटवायचे, आतल्या बाजूची मोठी भोके बंद करायची, आणि दाराच्या तळाची पाणी निचऱ्याची छिद्रे मात्र आठवणीने उघडी ठेवायची. पत्रा सगळा मढवावा लागत नाही. जिथे बोटाने ठोकल्यावर डबा वाजतो, तिथे पुरेसे. खर्चाचा एक चांगला हिस्सा या न दिसणाऱ्या आणि न वाजणाऱ्या कामावर गेला. दार लावतानाचा आवाज बदलला, तेवढ्यानेच आईचे समाधान झाले होते.

स्पीकर निवडताना एक निराळाच प्रश्न उभा राहिला, आणि तो या मासिकाच्या वाचकांना ठाऊक असावा असे वाटते. वरची कंपने देणारा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, त्याचा घुमट पुष्कळदा रेशमी कापडाचा असतो. जाहिरातीत ते भूषण म्हणून छापलेले असते. रेशमाच्या एका वारासाठी किती कोशकीटक उकळत्या पाण्यात जातात हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. माझ्या दुकानात गेली कित्येक वर्षे रेशीम नाही. महाराजांचा उपदेश रेशमातून ऐकायचा, ही कल्पनाच सहन होईना. चौकशी केली तेव्हा पॉलिएस्टर कापडाचे घुमट असलेले ट्वीटरही मिळतात असे कळले. ॲल्युमिनियमचेही असतात, पण वरच्या सुरात ते कित्येकांना कर्कश लागतात. आम्ही पॉलिएस्टरचे घेतले. कारागिराला दोन्हींत फरक कळत होता की नाही कोण जाणे. कापडवाला म्हणून मला तो हाताला कळला. याच न्यायाने दाराच्या अस्तराला चामडे नको, आणि लाकूडकामात सरस नको हेही सांगितले. सरस कशापासून होतो हे ऐकून तो तरुण सुतार थक्क झाला. तो आयुष्यभर पांढरा कृत्रिम गोंदच वापरत आला होता, त्यामुळे अडचण काहीच नव्हती.

खर्जासाठी चिरंजीवांचा हट्ट होता, आणि तो मी पूर्ण मोडला नाही. घरातील एकाच्या कानासाठी दुसऱ्याचा कान उपाशी ठेवणे मला पटेना. डिकीत डाव्या चाकाच्या कमानीमागे प्लास्टिकच्या आवरणाआड एक रिकामी खोबण होती. तिच्या आकाराची, सुमारे ११ लिटरची बंद पेटी १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची करून त्यात ८ इंची स्पीकर बसवला आणि वर गाडीच्याच रंगाचे कापड ताणले. हे कापड मी स्वतः निवडले. आपल्याकडे पाणी गाळण्याचे कापड दाट आणि दुहेरी असावे लागते. इथे नेमके उलटे. ओठांजवळ धरून फुंकर मारली की श्वास न अडखळता पलीकडे गेला पाहिजे. असे विरळ विणीचे कापड आमच्या गोदामात पडून होते. कळशी आता त्या पेटीला टेकून उभी राहते.

विजेच्या कामात सौंदर्य असते हे मला इथेच कळले. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच; फ्यूजचे खरे काम वायरीचे आणि पर्यायाने आत बसलेल्या माणसांचे रक्षण. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडे, नाहीतर हादऱ्यांनी आवरण कापले जाते. विजेची वायर गाडीच्या एका अंगाने, आवाजाची दुसऱ्या अंगाने. शेजारी नेल्यास इंजिनाची शीळ स्पीकरांतून ऐकू येण्याचा धोका. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवली जाते, तेव्हा टोक खरवडून पाहावे. ही सूचना व्यापाऱ्यांना देण्याची गरज नाही, तरी देतो. ॲम्प्लिफायर चालकाच्या आसनाखाली, मागच्यांच्या पायांशी येणारी हवा न अडवता. ट्वीटर पुढच्या खांबांवर लावण्याची पद्धत आहे, पण आमच्या गाडीत त्या खांबांतून पडद्यासारखी एअरबॅग उघडते. म्हणून ते आरशामागच्या त्रिकोणी पट्टीत गेले. कंपनीची एकही वायर कापली नाही, जुळणारे जोड वापरले. प्रत्येक वायरीवर कापडी चिकटपट्टी गुंडाळली, कारण महामार्गावर टकटक करणारी सैल वायर कोणत्याही स्तोत्राचा भंग करते.

शेवटी यंत्र लावून देण्याचा दिवस आला. कारागीर सवयीने उजवीकडे, चालकाच्या जागी बसला. मी म्हणालो, श्रोता डावीकडे बसतो. तो क्षणभर थांबला. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी सांगितले नव्हते म्हणे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. अण्णांच्या डोक्यापासून डावा स्पीकर ९० सेंटिमीटर, उजवा १४०. म्हणजे डाव्याचा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि बोलणारा माणूस दारात बसल्यासारखा वाटतो. यंत्रात डाव्या आवाजाला तेवढा वेळ थांबवले, की तोच आवाज समोर, काचेच्या मध्यावर येऊन उभा राहतो. यंत्र अशा दोन मांडण्या लक्षात ठेवते. एक चिरंजीवांची, खर्जासह. दुसरी अण्णांची : १०० हर्ट्झच्या खालचे सारे बंद, २००० ते ४००० च्या दरम्यान थोडी उठावणी. मुद्रणातील सळसळ संगणकावर किंचितच कमी केली. ती पूर्ण पुसू गेल्यास स आणि श सुद्धा तिच्याबरोबर पुसले जातात.

एकूण खर्च ७२ हजारांच्या घरात गेला. अण्णांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलेले आहे. त्यांच्या वहीत घर, गाडी, वस्त्रे, भांडी यांची मर्यादा लिहिलेली असते. "गाडी मोजलेली आहे. तिच्यातलं हे वेगळं मोजायचं का?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, दिसत तर नाही. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी गप्प बसलो. दिसत नाही म्हणून परिग्रह नाही, हा युक्तिवाद जकात नाक्यावरचा. त्यांनी वहीत नोंद केली, आणि तितक्या किमतीची आपल्या नावावरची एक जुनी ठेव मोडून क्षेत्राच्या भोजनशाळेला दिली. यावर माझे मत मी घरात मांडले नाही, इथेही मांडत नाही.

भाद्रपदात कुंथलगिरीला निघालो. गावाबाहेर रस्ता मोकळा झाल्यावर चिरंजीवांनी आजोबांची मांडणी लावली. अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. उपदेश सुरू झाला. काही वेळाने त्यांनी हात उचलला, "थांब, मागं घे." मागे घेतले. तेच वाक्य पुन्हा लागले, आणि ते संपायच्या आत अण्णांनी त्यातला शेवटचा शब्द महाराजांबरोबर उच्चारला. आणखी दोनदा मागे घ्यायला लावले. मागच्या आसनावर आईचे माळ ओढणे थांबले होते. मग अण्णा म्हणाले, "आवाज जरा कमी कर, एवढा कशाला?"

आकडा १४ वर होता. चिरंजीवांनी तो १२ वर आणला.