बोटीतलं पाणी येतं कुठून?

बोटीच्या तळाशी थोडं पाणी असतंच. पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून ते थेंब थेंब येतं. मासळीवरचा बर्फ वितळतो, जाळं ओढताना पाणी सांडतं, पावसाचं तर विचारूच नका. राजिवड्याला आमच्या घरात तीन पिढ्या या पाण्याशी संसार चालला आहे. आजोबांच्या वेळी ते डब्याने उपसायचे, अब्बांच्या वेळी हातपंप आला, आणि आता बॅटरीवरचा पंप आहे. पाणी ठरावीक उंचीला आलं की तरंगता स्विच वर उचलला जातो, पंप आपोआप सुरू होतो, पाणी बाहेर टाकतो आणि थांबतो. सोय मोठी आहे. पण पाणी किती येतंय, हे या सोयीमुळे कुणाला कळेनासं झालं. डब्याने उपसणाऱ्याच्या खांद्याला ते बरोबर कळायचं.

गेल्या हंगामात ते आमच्या बोटीवरच्या खलाशाच्या कानाला कळलं. हा मुलगा नेपाळचा. घरापासून इतक्या लांब येऊन समुद्रावर राबतो आणि रात्री पंपाच्या वरच्याच फळीवर झोपतो. पंप फारच वेळा सुरू होतो, असं त्याने भावाला सांगितलं. नुसतं सांगून तो थांबला नाही. पंप सुरू झाला की फळीवर खडूने एक रेघ मारायची, असं त्याने ठेवलं. मासळी भरून परत येतानाच्या एका रात्रीत १९ रेघा झाल्या. बंदरात मासळी उतरवून बोट खाडीत नांगरली, त्या रात्री फक्त दोन.

कोडं इथेच होतं. किनाऱ्यावर शोधावं तर गळती नाही, आणि समुद्रात गेलं की आहे. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. तळ कोरडा, ग्लँड ठीक, पंप ठीक. शेवटी त्याने सल्ला दिला की ताशी २००० गॅलनचा मोठा पंप बसवा, पाइपही जाड घ्या आणि जोडीला आणखी एक बॅटरी ठेवा. भाऊ तयारही झाला. पण घराचा हिशेब भाभीकडे असतो. तिने एकच विचारलं, “मोठा पंप घेतला तर पाणी कमी येईल का?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्यात अम्मीने सांगून टाकलं की पाणी कुठून येतं ते कळेपर्यंत नातू बोटीवर जाणार नाही. भावाचा मुलगा १८ वर्षांचा, त्याचा हा पहिलाच हंगाम. अम्मीचं म्हणणं आम्हाला पटलं. असा पंप बॅटरीच्या जिवावर चालतो. रात्रीत १९ वेळा तो चालला, इंजिन बंद असताना बॅटरी बसली, तर पंप थांबेल, पाणी थांबणार नाही. आणि तळात साचलेलं पाणी नुसतं ओझं नसतं. बोट एका बाजूला कलली की सगळं पाणी धावत त्याच बाजूला जातं आणि तिला आणखी कलवतं. लाट मोठी असेल तर सावरायला वेळ मिळत नाही.

मग चाचा बसले. चाचांनी तांडेल म्हणून आयुष्य काढलं आहे, आता गुडघ्यांमुळे किनाऱ्यावर असतात. त्यांनी आधी पाण्यात बोट बुडवून चव घेतली. गोडं लागलं तर पाऊस किंवा बर्फ. बर्फाच्या पाण्याला मासळीचा वासही येतो. खारट आणि कोमट असेल तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा पाइप बघायचा. खारट आणि काळपट, ग्रीस घेऊन आलेलं असेल तर ग्लँड. आमचं पाणी खारट, थंड आणि त्या मानाने स्वच्छ निघालं. म्हणजे समुद्र सरळ आत येत होता.

आता कुठून? चाचा म्हणाले, रिकामी बोट गळत नाही, भरलेली गळते, तर इथेच भरून बघू. ही युक्ती आम्हाला अजूनही मोठी वाटते. २०० लिटरचे पाच पिंप बोटीच्या मागच्या बाजूला ठेवून पाण्याने भरले. एक टन वजन झालं. भाटीमिऱ्याकडून वारा नव्हता, भरती पूर्ण होती. तळ फडक्याने पुसून कोरडा केला आणि पुतण्याला टॉर्च देऊन खाली बसवलं. बराच वेळ काही नाही. मग त्याने पंप थोडा वेळ हाताने चालवला. पंप थांबला आणि तो खालून ओरडला, “पाणी पंपातूनच येतंय!”

पंपाचा पाइप बोटीच्या कुशीतल्या ज्या भोकातून पाणी बाहेर टाकतो, ते भोक रिकाम्या बोटीला पाण्याच्या वर असतं. मागे वजन आल्यावर ते चार बोटं पाण्याखाली गेलं होतं. पंप चालू असेपर्यंत पाणी बाहेर जाई. तो थांबला की त्याच पाइपातून समुद्र आत उतरे, कारण अशा पंपाच्या पोटात पाणी अडवायला पडदा नसतो. पाणी चढलं की स्विच पुन्हा उचलला जाई. तेच पाणी आत-बाहेर खेळत होतं. जाड पाइपाचा मोठा पंप बसवला असता तर समुद्राला दरवाजाही मोठा मिळाला असता.

इलाज स्वस्त निघाला. जुनं भोक फायबरने बुजवलं. नवं भोक वर, पूर्ण भरलेल्या बोटीच्याही पाण्याच्या रेघेपासून बरंच उंच पाडलं, आणि पाइप आधी डेकच्या खालपर्यंत वर नेऊन मग भोकाकडे वळवला. दुकानदार पाइपात एकेरी व्हॉल्व्ह बसवा म्हणत होता. चाचांनी नको म्हटलं. अशा व्हॉल्व्हमध्ये खवले नि दोऱ्याचे तुकडे अडकतात, मग तो पुरता मिटतही नाही आणि उघडतही नाही.

चाचा त्या दिवशी हात घासत बराच वेळ नळापाशी होते. नखांत नि चामड्यावर ग्रीसचा थर राहिला तर वुजूचं पाणी त्वचेला लागत नाही, म्हणून जोहरच्या आधी राखेने घासायची त्यांची जुनी सवय आहे.

मगरिबनंतर त्यांनी सगळ्यांना बुखारी शरीफमधल्या हदीसची आठवण दिली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समाजाला एका जहाजाची उपमा दिली आहे. काही लोक वर, काही खाली. खालच्यांना पाण्यासाठी वरच्यांकडून जावं लागे, म्हणून आपल्या वाट्याच्या जागेत ते भोक पाडायला निघाले. वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सगळे वाचतात, नाही तर सगळे बुडतात. ही हदीस आम्ही जुम्याच्या बयानात कितीदा ऐकली असेल. पण आमच्या बोटीवर खालच्याने वरच्यांना सावध केलं होतं. भावाने त्या मुलाला रेघांचा खडू बंद करू नकोस असं सांगितलं, आणि पगाराशिवाय वेगळं बक्षीसही दिलं.

ज्यांच्या घरात बोट आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी लिहून ठेवतो. पंपावर छापलेला आकडा खरा धरू नये. ताशी २००० गॅलन म्हणजे मिनिटाला सुमारे १२५ लिटर, पण तो पाणी वर चढवायचं नसताना आणि बॅटरी भरलेली असतानाचा. बोटीत बसवल्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तरी पुष्कळ. उलट पाण्याखाली फूटभर खोल एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला ४५ ते ७० लिटर पाणी आत येतं. म्हणून हातपंप आणि डबा बोटीवरून उतरवू नये.

पंप घरघरतो पण पाणी टाकत नाही, तेव्हा आधी खालची जाळी काढून साफ करावी. आतल्या चक्रात बहुतेकदा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला सापडतो. पंप आवाजच करत नसेल तर फ्यूज आणि तारांचे सांधे पाहावेत. खारं पाणी तांब्याला हिरवं करून खातं. पंप बंदच होत नसेल तर तरंगत्या स्विचखाली कचरा अडकलेला असतो. आणि बोटीवर स्वयंपाकाचा गॅस असेल तर तळात हात घालण्याआधी वास घ्यावा. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी जाऊन बसतो, आणि स्विचची एक ठिणगी पुरते. वास आला तर कुठलंही बटण न दाबता सिलिंडर बंद करून हवा खेळू द्यावी.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा पाणी समुद्राचं नाही, आभाळाचं. आमच्या बोटीचा उघडा भाग २० चौरस मीटर धरला तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यात २००० लिटर, म्हणजे दोन टन पाणी साचतं. जुलैत असे दिवस आमच्याकडे येतातच. त्यामुळे ताडपत्री घट्ट बांधून, वर मधोमध उंचवटा ठेवून, आम्ही दर फजरनंतर एक फेरी मारतो.

पुतण्या आता बोटीवर जातो. रात्रीच्या रेघा दोन किंवा तीन असतात, त्या ग्लँडच्या. शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला काही थेंब यावेच लागतात, ते पॅकिंगला थंड ठेवतात. बोट उभी असताना जवळपास थांबले पाहिजेत. आमचे थांबत नाहीत. बंदीत बोट वर ओढली की पॅकिंगची दोरी बदलायची, असं भाभीने हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.