ससोबा

आमचा मोत्या अल्सेशियन. पण पळे सशासारखा. मागचे दोन्ही पाय जोडून टुणकन् उडी! डोंबिवलीच्या आमच्या इमारतीतली पोरे त्याला ‘ससोबा’ म्हणत. मुलांच्या वह्यांतल्या चुका हुडकण्यात हयात घालवलेला मीही खुशाल हसत असे.

आठव्या महिन्यात स्वारी जिन्यातच बसली. परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालयात नेली. (मुंबईच्या १८७४ सालच्या प्राणिदया संस्थेचे हे रुग्णालय.) डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडापुढे धरले. खुब्याची वाटी उथळ, मांडीच्या हाडाचा गोळा तीत ठरत नव्हता. त्या उड्या म्हणजेच दुखणे. चौथ्या महिन्यात आणला असता, तर ओटीपोटाखाली जिथे दोन्हीकडची हाडे जुळतात तिथे डाग देऊन तेवढी वाढ थांबवता आली असती; मग वाढता वाढता वाटीच गोळ्यावर झुकली असती. आता गोळाच कापायचा. स्नायूंच्या आधाराने तिथे कामापुरता खोटा सांधा तयार होतो. मात्र पाय लवकर चालता ठेवायला हवा.

टाके निघाल्यावर हिने त्याच्या पोटाखालून आईचे जुने लुगडे घेतले, आणि गॅलरीत फेऱ्या सुरू झाल्या.

परवा मोत्या एकेक पाय टाकीत जिना चढला.

“मास्तर, ससोबा आता उड्या का नाही मारत?” पोरांनी विचारले.